गाडीतून उतरताना बसणारा चटका: आधी हात, मग पाय

पावसाळ्यात गोव्यात नवी गाडी घेतलेल्या माणसाला या त्रासाची कल्पनाही येत नाही. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरते. अशा हवेत अंगावर चार्ज, म्हणजे कपडे सीटवर घासून साठणारी स्थिर वीज, टिकतच नाही. मग दिवाळी सरते, डिसेंबर लागतो, सकाळी घाटाकडून कोरडा वारा यायला लागतो, आणि एक दिवस ऑफिसच्या पार्किंगमध्ये दार लावताना बोटाला टचकन चटका बसतो. पुढच्या आठवड्यात तर रोजच. शेवटी गाडी गॅरेजमध्ये जाते. "गाडी शॉक मारता रे" ही तक्रार मेकॅनिकला नवी नसते. वायरिंग बघितली जाते, बॅटरीची कनेक्शनं घट्ट केली जातात, बिल होतं, आणि चटका तसाच राहतो.

कामानिमित्त गोव्यात नव्याने आलेले, पहिलीच गाडी घेतलेले, किंवा काळ्या पाटीची भाड्याची गाडी घेऊन फिरणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. उपाय फुकट आहे आणि लवकर अंगवळणी पडतो. घाईत असाल तर एवढंच वाचा: सीटवरून उठण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा, आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकेपर्यंत तो हात काढू नका. बाकीच्या सगळ्या युक्त्या याच्या मदतीला आहेत, याच्या बदल्यात नाहीत.

हा चार्ज येतो कुठून

दोन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटून पुन्हा सुटे झाले की एकावरचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर राहून जातात. शाळेत प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासून कागदाचे कपटे उचलले असतील, तोच हा प्रकार. कंगव्याच्या जागी सीट आणि केसांच्या जागी तुमची पँट. गाडी चालवताना तुम्ही सीटवर सतत थोडेथोडे सरकत असता, तरी काही जाणवत नाही. कारण तुमच्या कपड्यांवरचा चार्ज आणि सीटवरचा उलटा चार्ज अगदी लगतच असतात आणि एकमेकांना धरून ठेवतात.

सगळा खेळ उठण्याच्या क्षणी होतो. तुम्ही सीट सोडता, ते दोन चार्ज एकमेकांपासून लांब जातात आणि तुमच्या अंगावरचं व्होल्टेज झपाट्याने चढतं. पायात रबरी तळव्याचे बूट असले तर त्याला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही. मग तुम्ही मागे वळून दाराला हात घालता, बोट आणि पत्रा यांच्यात दोन-तीन मिलिमीटर अंतर उरतं, आणि ठिणगी उडते. हवेतून ठिणगी पडायला दर मिलिमीटरला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. म्हणजे अंधारात दिसण्याइतकी ठिणगी उडाली तर तुमच्या अंगावर काही हजार व्होल्ट होते, हे नक्की. दोन-अडीच हजारांच्या खालचं तर आपल्याला जाणवतही नाही.

आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. माणसाच्या शरीरात चार्ज साठवण्याची क्षमता जेमतेम 100 ते 200 पिकोफॅरड असते. त्यामुळे 10,000 व्होल्टलाही साठलेली ऊर्जा काही मिलिज्यूलच भरते आणि ती डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते. घरातल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमागे विजेचा अखंड पुरवठा असतो, म्हणून तो जीव घेतो. इथे मागे काहीच नसतं.

गाडीच्या बॅटरीचा तर यात काहीच संबंध नाही. ती 12 व्होल्टची असते आणि कोरड्या कातडीतून जाणवेल असा करंट ढकलण्याची तिची ताकद नसते. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायचा सल्ला दिला आणि कारण फक्त हा चटका असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

गोव्यात कधी, कुठे

इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत कामगारांना शिकवताना एक तक्ता दाखवतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता 10 ते 25 टक्के असेल तर गालिच्यावरून चालणाऱ्या माणसावर 35,000 व्होल्टपर्यंत चार्ज चढू शकतो. आर्द्रता 65 ते 90 टक्के असली की तोच आकडा 1,500 व्होल्टवर येतो. फरक ओलाव्याचा. दमट हवेत कापडावर, कातडीवर, सीटवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसतो आणि चार्ज त्यावरून हळूच निघून जातो.

म्हणून गोव्यात या त्रासाला ऋतू आहे आणि वेळही आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी सह्याद्रीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि ते कोरडे असतात. दुपारी खारे वारे सुरू झाले की किनाऱ्यालगत हवा पुन्हा दमट होते. त्यामुळे सकाळी नवाच्या सुमारास पणजीत गाडी लावताना बसणारा चटका संध्याकाळी त्याच माणसाला, त्याच गाडीत बसत नाही. सत्तरी, धारबांदोडा, सांगे या आतल्या भागांत समुद्राचा ओलावा कमी पोचतो, तिथे त्रास थोडा जास्त. आणि थंडीत चोर्ला घाट चढून बेळगावला खरेदीला गेलात तर तिथे हमखास. वर पठारावरची हवा कोरडी, घाटात वळणावळणाला सीटवर सरकणं, वर थंडी म्हणून घातलेलं पॉलिस्टरचं जाकीट. तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

मग मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, एखाद्याला चटका का बसतो? एसीमुळे. गाडी उभी राहिल्यावर खालून टपटप पाणी पडतं ना, ते आतल्या हवेतून काढलेलं पाणी असतं. तासभर एसी लावून, आतलीच हवा फिरवत ठेवून आलात तर बाहेर कितीही दमट असलं तरी सीट आणि तुमचे कपडे चांगलेच कोरडे झालेले असतात. त्यावरचा उपाय सोपा आहे: मुक्काम जवळ आला की शेवटची पाच-सात मिनिटं एसी बंद करून काच खाली करा. किनाऱ्यालगत याचा चांगला फरक पडतो. बेळगावात पोचताना मात्र करू नका, तिथे बाहेरचीच हवा कोरडी असते.

आता प्रत्यक्ष उतरूया

भारतात चालक उजवीकडे बसतो, म्हणून चालकासाठी उजवा हात. डावीकडून उतरणाऱ्यांनी डावा समजावा.

पहिली पायरी: गाडी थांबवा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, बेल्ट सोडा, दार उघडा. अजून उठायचं नाही. पिशवी, डबा, मोबाइल जे काही न्यायचं असेल ते आत्ताच डाव्या हातात किंवा खांद्याला घ्या. बहुतेकांची चूक इथेच होते. उतरतात, मग वळून पिशवी घ्यायला आत वाकतात, आणि कोपर पत्र्याला लागतं.

दुसरी पायरी: धातू शोधा. हे गाडी घेतल्यावर एकदाच, निवांतपणे करून ठेवायचं काम आहे. दाराचं आतलं हँडल चमकतं, पण बऱ्याच गाड्यांत ते प्लास्टिकवर दिलेलं क्रोमचं पाणी असतं, गाडीच्या सांगाड्याशी त्याचा काही संबंध नसतो. दाराच्या आतला पॅनल प्लास्टिक, चौकटीभोवतीची पट्टी रबर. दार उघडून तुमच्या खांद्यामागे पाहा. पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबावर, बसल्यावर कमरेच्या जरा वर, स्टीलची एक जाड कडी असते. दार बंद होताना लॉक तिच्यातच अडकतं. ती बहुधा रंगवलेली नसते, थेट सांगाड्याला बोल्टने बसवलेली असते, आणि बसल्या जागेवरून हात मागे नेला की सापडते. हीच तुमची जागा. कधी तिला ग्रीस लागलेलं असतं, ते फडक्याने पुसून घ्या.

खांबाचा किंवा दाराचा रंगवलेला पत्रा धरला तरी बऱ्याचदा काम होतं, म्हणून बहुतेक जण तेवढंच सांगतात. पण रंगाचा थर चार्ज पूर्ण सोडत नाही. हात पत्र्यावर असेपर्यंत व्होल्टेज दबून राहतं, हात काढला की उरलेला चार्ज पुन्हा जाणवतो. "मी तर धरूनच उतरतो, तरी बसतो" असं म्हणणाऱ्यांचं बहुधा हेच झालेलं असतं. त्यांनी कडीला हात लावून पाहावा.

तिसरी पायरी: हाताचा तळवा किंवा दोन-तीन बोटांचा मागचा भाग कडीवर टेकवा. नुसतं बोटाचं टोक नको. टोकाला मज्जातंतू दाट असतात आणि सगळी ठिणगी एका बिंदूवर येते, म्हणून तिथे जास्त झोंबतं. मागच्या दारातून कोणी उतरत असेल तर त्यांना आधी सांगा, "थांबा, माझा हात आहे." मागचं दार कोणी जोरात लोटलं तर त्या खांबाजवळ बोटं सापडू शकतात. चटक्यापेक्षा ते कितीतरी वाईट.

चौथी पायरी: हात तसाच ठेवून पाय बाहेर काढा आणि उठा. या दोन-तीन सेकंदांत तयार होणारा चार्ज तुमच्या हातातून गाडीत परत जात राहतो. तो साठतच नाही, म्हणून ठिणगीही नाही.

पाचवी पायरी: दोन्ही पाय जमिनीवर, तुम्ही सरळ उभे, मगच हात काढा. आता दार हवं तिथे धरून लावा.

क्रम उलटा झाला, म्हणजे आधी उठलात आणि मग धातूला हात लावलात, तर तुम्ही चटका टाळत नाही, स्वतःहून घेता.

आमच्या शेजारच्या काकींनी यावर आपला उपाय काढला होता. उतरल्यावर पदर हातावर घ्यायचा आणि पदरानेच दार लोटायचं. दाराचा चटका चुकायचा, हे खरं. पण अंगावरचा चार्ज कुठे जातो? घराच्या लोखंडी गेटची कडी काढताना तो बसायचाच. "तुमच्या गेटालाही करंट येतो हो!" असं त्या मला अगदी काळजीने सांगायच्या. काच दाबून दार लावणाऱ्यांचंही असंच होतं. काचेतून काही बसत नाही, पण पुढे लिफ्टचं बटण किंवा दुकानाचं शटर वाट बघत असतं. काकी आता मागच्या सीटवरून उतरताना आधी कडी धरतात. गुडघे दुखतात, तर उठायला तेवढाच आधारही होतो.

विसरलात आणि आधीच बाहेर उभे आहात

तेव्हा थेट बोट लावू नका. खिशातलं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं, नाहीतर घराची किल्ली चिमटीत घट्ट धरा आणि नाण्याची कड गाडीच्या धातूला लावा. ठिणगी पडते, पण ती नाणं आणि पत्रा यांच्यात. तुमच्या हातात तोच करंट मोठ्या भागावर पसरून येतो, म्हणून जाणवत नाही. नाणं सैल धरलं तर मात्र ठिणगी नाणं आणि बोट यांच्यातही पडते. गाडीची रिमोटची किल्ली यासाठी वापरू नका, तिची पकड प्लास्टिकची असते आणि आत सर्किट असतं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण गोव्यात तो पावलोपावली मिळतो. जांभ्या दगडाचं कुंपण, सिमेंटची भिंत, माडाचं खोड, यांपैकी कशालाही आधी तळवा टेकवा. या वस्तू वीज वाहून नेतात, पण अगदी सावकाश. त्यामुळे चार्ज ठिणगी न पडता निवत जातो. विजेच्या लोखंडी खांबाला मात्र हात लावू नये, ना यासाठी, ना कशासाठी.

काय घालता, कशावर बसता

चप्पल-बुटांचा वाटा फार मोठा आहे. रबर, पीयू, फोमच्या सँडल्स, स्पोर्ट्स शूज हे सगळे वीज अडवतात. चामड्याचा तळवा, म्हणजे खालून रबर न लावलेली कोल्हापुरी, बरीच वाट देतो. पडताळून बघायचं असेल तर मंगेशीला किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेला जाल तेव्हा चपला गाडीतच काढून अनवाणी उतरा. तिथे दाराला हात लावला तर बहुधा काहीच होणार नाही. कोरडं डांबर वीज अडवतं, दगड, माती आणि सिमेंट वाट देतात. मॉलच्या किंवा मोठ्या इमारतीच्या तळघरात चकचकीत रंग दिलेली जमीन असते, तीही अडवते.

कपड्यांत पॉलिस्टर, नायलॉन, फ्लीस सगळ्यांत त्रासदायक. सुती कपडा मध्यममार्गी, तो ना फारसा घेतो, ना देतो. सीटकव्हरचंही तसंच. चकचकीत रेक्झिन म्हणजे पीव्हीसी, आणि त्यावर नायलॉनची ट्रॅकपँट ही जोडी वाईटच. फरचं कव्हर तर हिवाळ्यात काढूनच ठेवावं. आपले टॅक्सीवाले सीटवर टर्किशचा टॉवेल टाकतात, तो घामासाठी असला तरी या कामालाही उत्तम. सुती टॉवेल घ्या. पॉलिस्टरचा मऊ झुळझुळीत टॉवेल उपयोगाचा नाही.

सीट बदलायची नसेल तर फॅब्रिक कंडिशनर वापरा, कपडे धुताना शेवटच्या पाण्यात घालतात तोच. अर्धा लिटर पाण्यात एक झाकण, स्प्रेच्या बाटलीत हलवून कापडी सीटवर हलका फवारा मारा आणि पूर्ण वाळू द्या. त्याचा अगदी पातळ थर उरतो, तो हवेतला ओलावा धरून ठेवतो. आधी सीटच्या खालच्या बाजूला मारून डाग पडत नाही ना ते बघा. स्टिअरिंग, पेडल, बटणं, स्क्रीन यांवर नको. हा थर काही आठवड्यांत जातो, मग पुन्हा मारावा लागतो. हिवाळाभर पुरे.

हातांची कातडी कोरडी असेल तर चटका जास्त झोंबतो. ग्लिसरीन असलेलं लोशन लावा. खोबरेल कातडी मऊ ठेवतं, पण तेल स्वतः वीज वाहून नेत नाही, त्यामुळे या कामी लोशन बरं.

गाडीच्या मागे लोंबणारी रबरी पट्टी बाजारात मिळते, तिच्यावर खर्च करू नका. ती गाडीचा चार्ज जमिनीत सोडते. पण टायरच्या रबरात कार्बन मिसळलेला असतो, त्यामुळे उभी गाडी बहुधा आपोआपच मोकळी होते. चार्ज तुमच्या अंगावर असतो आणि तुमच्या बुटाला ती पट्टी जोडलेली नाही. अँटिस्टॅटिक किचेन मात्र खरोखर काम करतं. त्यात एक रेझिस्टर असतो, तो करंट सावकाश जाऊ देतो, आणि काहींमध्ये छोटा निऑन दिवा लुकलुकतो. नाण्याने तेच फुकटात होतं.

लहान मुलं

मुलांना चटका बसला की ती घाबरतात आणि गाडीत बसायलाच नको म्हणतात. त्यांच्या खुर्चीचं कापड बहुधा पॉलिस्टरचं असतं आणि त्यावरून ती घसरत उतरतात. उचलून घ्यायच्या आधी तुम्ही स्वतः एका हाताने गाडीचा धातू धरा, दुसऱ्या हाताने मुलाच्या दंडाला किंवा पाठीला पूर्ण तळवा लावा, मग उचला. गालाला किंवा कानाला आधी बोट लावू नका. जरा मोठ्या मुलाला कडी दाखवून ठेवा, "ही धरून उतरायचं." मुलं हा नियम मोठ्यांपेक्षा नेमाने पाळतात.

पेट्रोल पंपावर हे विसरू नका

इथे मला खरोखर काळजी वाटते. पार्किंगमध्ये जी ठिणगी फक्त बोटाला झोंबते, तीच पंपावर आग लावू शकते. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली की ती पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते, आणि तुमच्या अंगावर 10,000 व्होल्ट असतील तर त्याच्या कितीतरी पट ऊर्जा ठिणगीत असते. अमेरिकेत, जिथे लोक स्वतः पेट्रोल भरतात, अशा आगी नोंदवल्या गेल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच घटनांत एक गोष्ट सारखी होती: नोझल टाकीत लावून माणूस गाडीत जाऊन बसला, आणि परत उतरून थेट नोझलला हात लावला.

आपल्याकडे पेट्रोल भरायला माणूस असतो, म्हणून धोका कमी आहे. तरी आपण मीटरवर शून्य बघायला उतरतो, मग ऊन लागतं म्हणून आत बसतो, मग पैसे द्यायला पुन्हा उतरतो. एकदा उतरलात की भरणं पूर्ण होईपर्यंत बाहेरच थांबा, किंवा उतरूच नका. नोझलजवळ जाऊ नका. सीएनजी भरताना तर सगळ्यांनी उतरायचंच असतं, तेव्हा उतरताना कडी धरा.

स्कूटरवाल्यांना हे जास्त लागू आहे, कारण टाकीचं झाकण ते स्वतः उघडतात. रेक्झिनच्या सीटवरून घसरून उतरल्यावर झाकणाला हात लावण्याआधी स्टँडला किंवा एखाद्या उघड्या नट-बोल्टला स्पर्श करा.

कॅनमध्ये पेट्रोल घ्यायचं झालं, होडीच्या इंजिनासाठी किंवा गवत कापायच्या मशीनसाठी, तर कॅन गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका. नळीतून वाहणारं पेट्रोल स्वतःच चार्ज तयार करतं, आणि डिकीतल्या गालिच्यावर ठेवलेल्या कॅनमधून तो निघून जात नाही. कॅन जमिनीवर ठेवा, नोझल त्याच्या तोंडाला टेकवून ठेवायला सांगा, भरणं सावकाश होऊ द्या. धातूचा कॅन असेल तर उत्तम. बाटलीत पेट्रोल द्यायला बरेच पंपवाले नकार देतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नका, ते बरोबर करतात.

समजा टाकीच्या तोंडाशी ज्वाळा दिसलीच, तर नोझल ओढून काढायचं नाही. काढलं की पेटतं पेट्रोल सगळीकडे उडतं. ते तिथेच सोडून मागे व्हा, गाडीतल्या माणसांना बाहेर काढा आणि पंपावरच्या माणसाला पुरवठा बंद करायला ओरडून सांगा.

चटका आणि गळती यातला फरक

इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या आहेत, म्हणून हे शेवटी लिहितो. या गाडीतून उतरताना बसणारा चटकाही सीटचाच असतो. तिच्या मोठ्या बॅटरीची वीज गाडीच्या सांगाड्यात येणार नाही अशी वेगळी ठेवलेली असते. ओळखायचं कसं? सीटचा चटका एकदाच बसतो, टचकन, आणि लगेच पुन्हा हात लावला तर काही होत नाही. पण गाडी घरी चार्जिंगला लावलेली असताना पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत राहिलं, प्रत्येक वेळी झालं, अनवाणी पायांनी जास्त झालं, तर ती विजेची गळती आहे. गाडीला हात न लावता आधी सॉकेटचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा सुरक्षा स्विच) बंद करा, मग इलेक्ट्रिशियनला बोलवा.

अशा वेळी दोष बहुधा घराच्या अर्थिंगचा असतो. गोव्यात बरीच घरं जांभ्याच्या खडकावर आहेत, आणि मार्च ते मे जमीन सुकली की अर्थिंगचा खड्डाही सुकतो. कोळसा, मीठ घालून केलेल्या जुन्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहावं लागतं. अर्थिंग बरोबर नसेल तर बरेच चार्जर चालूच होत नाहीत. मग कोणीतरी न्यूट्रलची वायर अर्थला जोडून चार्जरला फसवतो. हे कधीही करू देऊ नका, कारण न्यूट्रल कुठे तुटली तर अख्ख्या गाडीच्या पत्र्यात 230 व्होल्ट उतरू शकतात. चार्जिंगच्या सॉकेटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का ते विचारा, नसेल तर बसवून घ्या, आणि अर्थिंग पावसाळ्यात न मोजता एप्रिलमध्ये, जमीन सर्वांत कोरडी असताना मोजायला सांगा.